सातबारा मालकाचा, पण क्लब कुणाचा?

मंडळाच्या कार्यक्रमात शेवटची पंगत उठली आणि चार जण उरलेल्या मसालेभाताशी रेंगाळू लागले, की विषय घरांच्या किमतींवरून हमखास फुटबॉलवर येतो. कुणी तिकिटांच्या दरांची तक्रार करतो, कुणी मालकाने विकून टाकलेल्या खेळाडूची. मग एखादा समजूतदार गृहस्थ म्हणतो, "अहो, शेवटी तो धंदा आहे. ज्यानं पैसे घातले तो ठरवणार. नाही पटत तर बघू नका." सगळे माना डोलावतात आणि गाडी मुलांच्या शाळाप्रवेशाकडे वळते.

या वाक्याशी माझे भांडण आहे, आणि ते आज मी स्मरणिकेच्या पानांवर जाहीरपणे करणार आहे. 'हिला फुटबॉलमधलं काय कळतं?' असे ज्यांच्या मनात आले असेल त्यांच्या माहितीसाठी सांगते. मी व्यवसायाने अकाउंटंट आहे, ताळेबंद वाचण्यावर माझे पोट चालते, आणि लँकेशायरमध्ये राहून मला वीस वर्षे होऊन गेली. शिवाय माझे माहेर पुण्याचे. या शेवटच्या गोष्टीचा फुटबॉलशी काय संबंध, ते पुढे येईलच.

गिऱ्हाईक की माणूस?

धंदा म्हटला की गिऱ्हाईक आले. टेस्कोत दूध महागले की आपण आल्डीत जातो, आणि त्याबद्दल कुणाचे मन खात नाही. पण ब्लॅकबर्नच्या माणसाला आपल्या क्लबचे तिकीट परवडेनासे झाले, म्हणून तो शेजारच्या बर्नलीचा सामना बघायला जाईल का? एक वेळ तो घर विकेल, पण बर्नलीच्या बाजूने टाळी वाजवणार नाही. ज्या दुकानाचे गिऱ्हाईक जन्मभर दुसऱ्या दुकानाची पायरी चढणार नाही, त्याला अर्थशास्त्रात मक्तेदारी म्हणतात. पाणी आणि वीज पुरवणाऱ्या कंपन्यांच्या बाबतीत हे आपल्याला चटकन पटते. तिथे दर मनमानी वाढले की 'सरकार काय करतंय?' असे आपणच विचारतो. फुटबॉलच्या वेळी मात्र आपल्याला एकदम मुक्त बाजारपेठ आठवते.

'बघू नका' हा उपाय चाहत्यांनी करून पाहिलेला नाही असेही नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने मुख्य स्टँडचे सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे करायचे ठरवले. सुंदरलँडविरुद्धच्या सामन्यात संघ २-० ने पुढे असताना ७७व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून चालते झाले. सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. पुढच्या हंगामापासून प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांसाठी तिकिटाची कमाल मर्यादा ३० पौंड ठरली. ती मर्यादा मालकांच्या उदारपणातून आलेली नाही. चाहत्यांनी ती वर्षानुवर्षे भांडून मिळवली.

हे क्लब आले कुठून?

आपला गोंधळ कुठे होतो हे मला ठाऊक आहे. 'संघ' ही वस्तू आपण बघितली ती लिलावात. २००८ साली आयपीएल आली, उद्योगपतींनी शहरे वाटून घेतली, नावे आणि रंग जाहिरात कंपन्यांनी ठरवले. आमच्या पुण्याचेच पाहा. पुणे वॉरियर्स २०११ ला आले आणि २०१३ ला गेले. रायझिंग पुणे सुपरजायंट दोन हंगाम खेळून २०१७ ला संपले. फुटबॉलमधले एफसी पुणे सिटी २०१९ ला बंद पडले आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. तीन संघ आले नि गेले, पण पुण्यात कुणाची दुपारची झोपसुद्धा मोडली नाही. कारण त्या संघांची मुळे पुण्यात नव्हतीच.

इंग्लंडमधले क्लब असे जन्मले नाहीत. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्या शनिवारी दुपारी दोन वाजता बंद होऊ लागल्या आणि कामगाराच्या हाती प्रथमच मोकळी दुपार आली. शनिवारी तीनच्या सामन्याची जुनी परंपरा त्यातूनच उगवली. मँचेस्टर युनायटेड १८७८ साली न्यूटन हीथच्या रेल्वे कारखान्यातल्या कामगारांनी सुरू केला, आर्सेनल १८८६ साली वुलिचच्या शस्त्रास्त्र कारखान्यातल्या कामगारांनी. एव्हर्टनचा जन्म मेथडिस्ट चर्चमधला. गिरणगावातल्या व्यायामशाळा, कबड्डीचे संघ आणि गणेशमंडळे ज्या मातीतून आली, तशाच मातीतून हे क्लब आले आहेत. भोंगा तसाच, चाळ तशीच, फक्त पाऊस जास्त.

म्हणून फुटबॉल क्लबची तुलना करायची तर आयपीएलच्या संघाशी करू नका, लालबागच्या राजाशी करा. लालबागच्या बाजारातल्या कोळी आणि व्यापारी मंडळींनी १९३४ साली तो गणपती बसवला. उद्या कुणी धनाढ्य म्हणाला, "मंडळ मी विकत घेतो. मूर्ती दुप्पट मोठी करतो, सोन्याने मढवतो, पण यंदापासून गणपती लोणावळ्याला बसेल, तिथे पार्किंगची सोय चांगली आहे," तर तुम्ही काय म्हणाल? 'शेवटी तो धंदा आहे' असे म्हणाल का?

हसू नका. विम्बल्डनमध्ये अगदी हेच झाले. १९८८ साली लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकणारा हा दक्षिण लंडनचा क्लब. मालकांनी तो मिल्टन कीन्सला, म्हणजे सुमारे ९० किलोमीटर दूर, हलवायचे ठरवले. मे २००२ मध्ये तीन सदस्यांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने परवानगी दिली. चाहत्यांनी रडगाणे गाण्यापेक्षा त्याच उन्हाळ्यात एएफसी विम्बल्डन हा आपला क्लब काढला आणि विम्बल्डन कॉमनच्या गवतावर खेळाडूंची निवड केली. बऱ्याच खालच्या लीगमधून सुरुवात करून नऊ हंगामांत पाच बढत्या मिळवत हा क्लब २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोचला, आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या प्लाव लेनवर नवे मैदान बांधून घरी परतला. नाव, मैदान, खेळाडू, पैसा सगळे मालकाकडे गेले होते. तरीही क्लब कुणाकडे राहिला, ते तुम्हीच सांगा.

पुण्याचा पैसा, ब्लॅकबर्नचे गाव

आता माझ्या माहेराकडे येऊ. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाने ब्लॅकबर्न रोव्हर्स सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. मला काय अभिमान वाटला होता! १८७५ साली स्थापन झालेला, १८८८ च्या पहिल्यावहिल्या फुटबॉल लीगमधल्या बारा क्लबांपैकी एक, १९९५ चा प्रीमियर लीग विजेता, आणि मालक पुण्याचे! ऑफिसात मी पेढे वाटले.

पुढचा इतिहास जाहीर आहे. महिनाभरातच अनुभवी प्रशिक्षक सॅम अॅलरडाइस यांना काढले. २०११ मध्ये रोव्हर्सचे खेळाडू ड्रेसिंगरूममध्ये बसून मालकांच्या कंपनीची कोंबडी खातानाची जाहिरात निघाली. मे २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला आणि त्या सामन्यात संतापलेल्या प्रेक्षकांनी मैदानात जिवंत कोंबडी सोडली. पुढच्या हंगामात हेनिंग बर्ग ५७ दिवस आणि मायकेल अॅपलटन ६७ दिवस प्रशिक्षक होते. आमच्याकडे भाडेकरूसुद्धा याहून जास्त टिकतात. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या पायरीवर गेला आणि पुढच्याच वर्षी तिथून वर आला.

न्यायाने बोलायचे तर या मालकांनी क्लब लुटला असे कुणी म्हणू शकणार नाही. उलट एवढ्या वर्षांत त्यांनी २० कोटी पौंडांहून अधिक रक्कम क्लबमध्ये ओतली आहे. ती ओतली नसती तर क्लब केव्हाच बुडाला असता, हेही खरे. पण माझा मुद्दा इथेच सिद्ध होतो. भारतात मालकांच्या कंपनीची चौकशी सुरू झाल्यावर, २०२३ पासून, ब्लॅकबर्नला पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागायची वेळ आली. लँकेशायरच्या गावातला पगार दिल्लीतल्या तारखेवर अवलंबून! २०२५ मध्ये लीगच्या नव्या अटींसाठी लागणारा खर्च करायला मालक तयार नसल्याने महिला संघाला दुसऱ्या स्तरावरून माघार घ्यावी लागली. एला टून, जॉर्जिया स्टॅनवे आणि किरा वॉल्श या इंग्लंडला युरोपीय विजेतेपद मिळवून देणाऱ्या मुली कधीकाळी याच क्लबात घडल्या होत्या. मालक दुष्ट नसला, पैसेवाला असला आणि पैसे घालत असला, तरीही गावाला विचारायची त्याच्यावर सक्ती नसेल तर काय होते, याचे हे उदाहरण आहे. माझे इंग्रज सहकारी मला म्हणतात, "जरा तुझ्या गावच्या लोकांना सांग ना." त्यांना काय सांगू, पुण्यात ऐकून घेण्यापेक्षा ऐकवण्याची परंपरा जुनी आहे!

'पैसे घातले' म्हणजे नेमके काय?

आता अकाउंटंट म्हणून बोलते. 'मालकाने पैसे घातले' हे वाक्य म्हणण्याआधी कुणाचे पैसे, कुठे घातले, हे विचारायची सवय लावून घ्या.

ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये सुमारे ७९ कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेड घेतला. त्यातला मोठा भाग कर्जाचा होता आणि त्या कर्जाचा बोजा क्लबच्याच डोक्यावर आला. म्हणजे मी तुमचे घर विकत घेणार, गहाण तुमचे घर ठेवणार, आणि हप्ते तुम्ही भरणार. तिकिटे काढून, टीव्हीचे पैसे भरून, मुलाला दरवर्षी नवा शर्ट घेऊन ते हप्ते कोण भरत आले? तुम्ही आणि मी. २०२४ मध्ये क्लबचा चौथ्या भागाहून थोडा जास्त हिस्सा जिम रॅटक्लिफ यांच्याकडे गेला, आणि त्याच वर्षअखेरीस हंगाम चालू असताना उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड झाला. त्यात मुलांना आणि पेन्शनरांना सवलत नव्हती.

डर्बी काउंटीने २०१८ मध्ये आपले मैदान ८ कोटी पौंडांहून अधिक किमतीला विकले. घेणारा कोण, तर क्लबच्या मालकाचीच दुसरी कंपनी! ताळेबंदात नफा दिसला. २०२१ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या कारवाईत गेला, एकूण २१ गुण कापले गेले आणि २०२२ मध्ये संघ तिसऱ्या स्तरावर घसरला. चेल्सीने दोन हॉटेले आपल्याच समूहातल्या कंपनीला ७ कोटी ६५ लाख पौंडांना विकली आणि पुढे महिला संघही आपल्याच मूळ कंपनीला विकला. हे सारे त्या वेळच्या लीगच्या नियमांत बसले. पण आजीचे दागिने डाव्या खिशातून उजव्या खिशात घालून 'कमाई झाली' म्हणणाऱ्या नातवाला आपण हुशार म्हणत नाही.

आणि बरी. मँचेस्टरजवळचे छोटे गाव, १८८५ चा क्लब, दोन वेळा एफए कपचा मानकरी. डिसेंबर २०१८ मध्ये तो एका पौंडाला विकला गेला. एका पौंडात आज चहासुद्धा मिळत नाही. पगार थकले, देणी थकली, आणि २७ ऑगस्ट २०१९ रोजी क्लबला लीगमधून काढून टाकले. १८९४ पासूनची जागा गेली. मैदानावरचे दिवे विझले, शेजारच्या पबचा शनिवार बुडाला. शेवटी २०२३ मध्ये चाहत्यांनी आपसातले मतभेद मिटवून बरी एफसी पुन्हा गिग लेनवर आणली, ती नवव्या स्तरावर.

धंदा म्हणून तरी हे चांगले चालले आहे का? दुसऱ्या स्तरावरच्या, म्हणजे चॅम्पियनशिपमधल्या क्लबांनी काही हंगामांत मिळून जेवढे कमावले त्याहून जास्त रक्कम नुसत्या पगारांवर खर्च केली. आपल्यापैकी कुणी असा धंदा बँकेत दाखवायला नेला असता तर मॅनेजरने पाणीसुद्धा विचारले नसते.

चाहते काही संत नाहीत

विरोधी बाजूचे म्हणणेही नीट ऐकले पाहिजे. चाहत्यांना दोन्ही हवे असते: तिकीट स्वस्त आणि खेळाडू महाग. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यूकासल सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीने घेतला, तेव्हा स्टेडियमबाहेर हजारो लोक नाचले. पैसा कुठून आला, हे विचारणारे थोडेच होते. पोर्ट्‌समथच्या चाहत्यांनी हजार-हजार पौंडांचे भाग घेऊन २०१३ मध्ये क्लब वाचवला, चांगला चालवला, आणि २०१७ मध्ये स्वतःच मतदान करून अमेरिकन मालकाला विकला. जर्मनीत १९९८ पासून क्लबमध्ये बहुमत सभासदांकडेच राहील असा नियम आहे, तरी तिथे २०१३ ते २०२३ सलग अकरा वर्षे एकटा बायर्न म्युनिकच जिंकत होता. सभासदांची मालकी आली की सगळे सोन्याचे होते असे नाही. सहकारी साखर कारखान्यांचे काय झाले, ते आपल्याला जर्मनांनी सांगायची गरज नाही.

हे सगळे मान्य. पण क्लबच्या मुळाशी हात घातला गेला तेव्हा शहाणपण कुणाकडे होते? कार्डिफचा निळा रंग मालकाने २०१२ मध्ये लाल केला, आणि २०१५ मध्ये त्याला निळ्यावर परत यावे लागले. हल सिटीचे नाव 'हल टायगर्स' करायची हौस २०१४ मध्ये फुटबॉल असोसिएशनने फेटाळली. १८ एप्रिल २०२१ रोजी सहा इंग्लिश क्लबांसह बारा बड्या क्लबांनी युरोपियन सुपर लीग जाहीर केली. हरण्याची किंवा खाली घसरण्याची भीतीच नसलेली, श्रीमंतांची खासगी पंगत! चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लब माघारी फिरले. बाजारपेठ जाणणारे, हार्वर्डचे सल्लागार बाळगणारे लोक चुकले, आणि पावसात फलक धरून उभे राहिलेले लोक बरोबर ठरले.

कूळकायदा आला आहे

आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळी सातबारा जमीनदाराच्या नावावर असे आणि घाम कुळाचा असे. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा ऐकून तेव्हाही कुणी समजूतदार गृहस्थ म्हणाला असेल, "ज्याची जमीन तो ठरवणार." आमच्या घरातही जमीन गेल्याची हळहळ मी लहानपणी ऐकली आहे. तरी तो कायदा न्यायाचा होता, हे आज कुणी नाकारत नाही.

ब्रिटिश पार्लमेंटने जुलै २०२५ मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स अॅक्ट संमत केला, तो मला या कूळकायद्याचा धाकटा भाऊ वाटतो. त्याने क्लब चाहत्यांच्या नावावर केलेले नाहीत. पण पुरुषांच्या वरच्या पाच स्तरांतल्या क्लबांसाठी स्वतंत्र नियामक आणि परवाना आणला आहे. मालकाचा पैसा आणि पात्रता तपासली जाईल, मैदान विकायचे तर नियामकाची मंजुरी लागेल, बोधचिन्ह आणि शर्टाचा रंग बदलायचा तर चाहत्यांचे मत घ्यावे लागेल, फुटून निघालेल्या लीगमध्ये पळता येणार नाही. कुणाला खेळवायचे हे गावाने ठरवावे असे मी म्हणत नाही. तो प्रशिक्षकाचा अधिकार. खर्च कसा करायचा, तो मालकाचा. पण मैदान, नाव, रंग आणि लीगमधली जागा हा वारसा आहे, आणि वारशाचा मालक फक्त राखणदार असतो. महिला संघ सध्या या कायद्याच्या कक्षेत नाहीत, ही त्यातली मोठी उणीव आहे. आपल्या मुली शाळेशाळेतून खेळत असताना ती आपल्याला टोचायला हवी.

मग आपण काय करायचे?

'हा इंग्रजांचा प्रश्न, आपल्याला काय?' असे म्हणायची सोय आता उरलेली नाही. आपली मुले या क्लबांची गाणी गातात, ती हरले की जेवत नाहीत. त्यांनी या देशात मुळे धरली ती शाळेत आणि या मैदानांवर.

एक, आपल्या गावच्या क्लबचा सपोर्टर्स ट्रस्ट असेल तर त्याचे सभासद व्हा. वर्गणी फार नसते, आणि प्रत्येक सभासदाला एकच मत असते. मंडळाच्या वार्षिक सभेत चहाच्या बिलावर तासभर वाद घालणाऱ्या समाजाला तिथे अजिबात परके वाटणार नाही! दोन, महिन्यातून एक शनिवार टीव्हीवरचा बडा सामना सोडून मुलांना गावातल्या छोट्या क्लबच्या मैदानावर न्या. तीन, मुलांना ताळेबंद वाचायला शिकवा. क्लबांचे हिशेब कंपनीज हाउसच्या वेबसाइटवर फुकट बघता येतात. कर्ज कुणी काढले आणि मैदान कुणाच्या नावावर आहे, एवढे शोधता आले तरी पुष्कळ.

आणि चौथी गोष्ट सर्वांत सोपी आहे. तुमचा मुलगा किंवा मुलगी कधी चिडून विचारेल, "आई, ते आपला क्लब असा कसा विकू शकतात?" तेव्हा कृपा करून 'धंदा आहे बाळा' असे सांगू नका. त्या प्रश्नातला 'आपला' हा शब्द त्यांनी या मातीत उगवलेला आहे. तो उपटायचे काम निदान घरच्यांनी तरी करू नये.